कागद वाळायच्या आत

काका, आपलं शेवटचं बोलणं भांडणाचं होतं. ते जरा गोड करून लिहावं असा मोह होतो, पण तुमच्यासमोर गोड केलेलं कधी टिकलं नाही, म्हणून जसं झालं तसंच लिहितो. मार्चमधल्या एका शनिवारी प्लेनोच्या तुमच्या गॅरेजमध्ये माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघून तुम्ही म्हणालात, "हे खोटं आहे, गजानन." मी लॅपटॉप मिटला, गाडीत बसलो आणि अर्विंगला घरी आलो. पुढे सात आठवडे तुमच्याकडे फिरकलो नाही. सातव्या आठवड्यात तुम्हाला द्यायला माझ्याकडे उत्तर तयार होतं. आठव्या आठवड्यात तुम्ही गेलात.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्याबद्दल छापून आलं आहे. अमेरिकेत कधी आलात, पॅकेजिंगच्या कंपनीत किती वर्षं होतात, मंडळासाठी काय काय केलंत. सगळं बरोबर आहे. मला त्यात भर घालायची नाही. मला एवढंच हवं होतं की ते उत्तर तुम्ही बघावं आणि खरं की खोटं ते सांगावं. तुमच्याशिवाय ते सांगू शकेल असं मला कुणी माहीत नव्हतं. म्हणून हे तुम्हालाच लिहितो आहे.

पहिला फोन तुम्हाला नक्की आठवत असेल, कारण तुम्ही तो लोकांना नक्कल करून दाखवायचात. आमचा स्टुडिओ म्हणजे एका डेंटिस्टच्या दवाखान्यावरचा मजला. तिथे आम्ही अकरा जण व्हिडिओ गेम बनवायचो. मालक ग्रेग स्वतः चित्रकार. त्याच्या डोक्यात एक गेम होता. एक नावाडीण नदीच्या उगमापासून समुद्रापर्यंत होडी नेते, आणि तिचं सगळं जग जुन्या जपानी लाकडी ठशांच्या चित्रांसारखं दिसतं. काळी रेघ, आत सपाट रंग, आकाशाच्या वरच्या कडेपासून खाली विरत जाणारा निळा. ती चित्रं हलती-चालती करणारा प्रोग्रॅम लिहायचं काम माझं होतं. ग्रेगने लायब्ररीत तुमची चित्रं लावलेली पाहिली, खालचं नाव वाचलं आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "गॅज, हा माणूस इंडियन आहे. तूही आहेस. फोन कर."

मी फोनवर फार जपून इंग्रजी बोललो, बोर्डाच्या परीक्षेसाठी पाठ केलेलं पत्र म्हणून दाखवावं तसं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि मराठीत विचारलंत, "कुठले?"

"मेहकर. बुलढाणा जिल्हा."

"मग इतका वेळ मला इंग्रजीची शिक्षा का?"

मागून शैलाकाकूंचा आवाज आला, "जेवायला येतोय का, ते विचारा आधी."

प्लेनोत सगळ्यांच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या असतात. तुमच्या गाड्या बाहेर उन्हात तापत असायच्या आणि आत लाकूड राहायचं. चेरीच्या लाकडाचे सपाट ठोकळे, पुस्तकं लावावीत तसे उभे लावलेले. कडेला पटाश्या आणि कोरण्या, काचेच्या बरण्यांत रंग, ब्रश, आणि एका स्टोव्हवर तांदळाच्या पिठीची खळ. खळीचा तो वास मला ओळखीचा होता. शाळेत वह्यांना कव्हरं चिकटवायला आई अशीच खळ शिजवून द्यायची. मी ते म्हणालो, तर तुम्ही ढवळणं थांबवून माझ्याकडे पाहिलंत. मग सांगितलंत की धुळ्याला तुमच्या आजोबांकडे कापडावर ठसे मारायचं काम चालायचं, त्या रंगांच्या वासाचा तुम्हाला तिटकारा होता, आणि त्यापासून पळायला म्हणून तुम्ही इंजिनिअर झालात. कंपनीने मशिनच्या ट्रेनिंगसाठी वर्षभर जपानला पाठवलं. तिथे क्योतोच्या एका गल्लीत, चाळिशीत, एका उघड्या दारातून तसलाच वास आला आणि तुम्ही आत गेलात. "त्या म्हाताऱ्याने मला हाकललं नाही," एवढंच तुम्ही म्हणालात. तुमच्या गुरूबद्दल याहून जास्त मी कधी ऐकलं नाही.

त्या दिवशी तुम्ही मला एक चित्र छापून दाखवलंत. मी इंजिनिअरिंग केलं, मास्टर्स केलं, कॉम्प्युटर ग्राफिक्सवर प्रबंध लिहिला, पण एखादी गोष्ट होताना बघून श्वास धरून बसलो, असं त्याआधी एकदाच झालं होतं. आमच्या बाबांची मेहकरला पिठाची गिरणी. ते गिरणीच्या दगडी पाट्यांना छिन्नीने टाके घालायला बसायचे तेव्हा मी असाच बसायचो.

ठोकळ्यावर तुम्ही ब्रशने पाण्यासारखा पातळ रंग आणि थेंबभर खळ पसरवलीत. ठोकळ्याच्या कडेला दोन बारीक खाचा होत्या. त्यांत दमट कागदाची कड आणि कोपरा बसवून कागद हलकेच खाली सोडलात. बांबूच्या सालीत गुंडाळलेली चकती कागदाच्या पाठीवरून फिरवलीत. कागद उचलला, तर त्यावर नुसता एक निळसर डाग होता. मला वाटलं, एवढंच? मग दुसरा ठोकळा, तिसरा, सातवा. प्रत्येक वेळी तोच कागद, त्याच दोन खाचांत. पिवळ्यावर निळा बसला तिथे तुम्ही न वापरलेला हिरवा आला. शेवटी काळ्या रेघांचा ठोकळा आला आणि त्या डागांतून एकदम डोंगर, धुकं, पूल आणि पुलावरून वाकून चाललेला माणूस उभा राहिला. तुम्ही कागद माझ्या हातात देऊन दाराशी उजेडात तिरका धरायला सांगितलात. तेव्हा दिसलं की पुलाच्या कठड्यावर बर्फ होता. त्याला रंगच नव्हता. कोऱ्या कागदावर नुसता दाब देऊन तो उठवलेला होता, आणि समोरून बघणाऱ्याला तो दिसणारही नव्हता.

"मग कशाला केला?" मी विचारलं.

"बर्फ पडलेला होता," तुम्ही म्हणालात.

पुढे दीड वर्षभर मी जवळजवळ दर शनिवारी आलो. येताना अर्विंगच्या दुकानातून तांदळाची पिठी आणायचो. काकू दर वेळी म्हणायच्या, "अरे, आमच्या इथेही मिळते." आणि ठेवून घ्यायच्या. तुमच्या कामात काकूंचा वाटा किती होता, हे कळायला मला वेळ लागला. आदल्या दिवशी कागद दमट करून ठेवायचं काम त्यांचं. ओल्या वर्तमानपत्रांच्या थरांत कागद रचायचे, वरून प्लास्टिक गुंडाळायचं, सकाळी हात लावून बघायचं. कणीक मुरली की नाही ते बघावं तसं त्या कागदाला बोट लावायच्या आणि सांगायच्या, "अजून तासभर." तुम्ही ऐकायचात. कागद वाळला की आकसतो, आकसला की पुढचा रंग रेघेत बसत नाही. म्हणून टेक्ससच्या उन्हाळ्यातसुद्धा गॅरेजमध्ये एसी नव्हता. एसीची हवा कागदातली ओल पिते, असं तुम्ही म्हणायचात. आपण तिघं सकाळी सातला घामाने निथळत असायचो आणि कागद मात्र गारव्यात झोपलेला.

ग्रेगने नावाडिणीचं पहिलं चित्र काढलं, ते घेऊन मी आलो तो दिवस सांगतो. तुम्ही चित्र पाहिलंत, होडीच्या टोकाची वळणदार रेघ तुम्हाला आवडली. मग ठोकळ्यावर खळ लावलीत आणि चित्र पालथं करून त्यावर चिकटवून टाकलंत. मी ओरडलोच.

"काका, ओरिजिनल आहे ते."

"मग? ओरिजिनलच चिकटवतात."

"निदान बॅकअप तरी."

"ते काय असतं?"

तुम्हाला ते चांगलं माहीत होतं. तुम्ही पाठीचा कागद ओल्या बोटाने चोळून काढलात, लाकडावर उलटी रेघ उमटली, आणि तुम्ही रेघेच्या दोन्ही अंगांनी कोरायला बसलात. ग्रेगचं चित्र तुमच्या कोरणीपुढे बारीक चुऱ्यासारखं निघून जात होतं. आमच्या धंद्यात काहीही मिटवलं तरी परत आणता येतं, बोटांना ती सवय लागलेली असते. तुमच्या हातात तसली काही सोय नव्हती, आणि तुम्ही शांतपणे शीळ घालत होतात. ग्रेगला हे सोमवारी सांगताना माझी जीभ अडखळली. तो म्हणाला, "त्याला अजून पाच काढून देतो."

तुम्हीसुद्धा आमचं काम बघून थक्क झाला होतात, हे इथे लिहायलाच हवं, नाहीतर सगळं एकतर्फी होईल. एका दुपारी तुम्ही ऑफिसात आलात. आमच्या स्टुडिओतली मुलं जेवणाच्या सुट्टीत मोठ्या टीव्हीवर खेळत होती. तुम्ही त्या बीनबॅगच्या गुबगुबीत पिशवीत बसलात, जिच्यातून तुम्हाला उठवायला नंतर दोघं लागले. कंट्रोलर हातात घेतलात आणि तीन मिनिटांत खड्ड्यात पडलात. आमच्या टेस्टरने समजावलं, "सर, तुम्हाला तीन लाइव्ह्ज आहेत, तीन जीव." पुढे तुमची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा हॉस्पिटलात माझ्याकडे बघून तुम्ही म्हणालात, "एक गेला. दोन शिल्लक." काकू चिडून खोलीबाहेर निघून गेल्या.

पण त्या दुपारी खेळून झाल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत. चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढलं जातं, असं विचारलंत. साठ वेळा, मी म्हणालो. तुम्हाला दोनशे कागद छापायला दहा-बारा दिवस लागायचे. तुम्ही मनात काहीतरी गुणाकार केलात आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिलात, नाक काचेला लागेल इतके. "दर वेळी सगळे रंग परत बसतात?" "हो." "आणि कुणाच्या लक्षातही येत नाही?" "नाही, काका." तुम्ही बराच वेळ तसेच उभे होतात. तुमच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडला होता. मग मी जुन्या गेमबद्दल सांगितलं, मशिनला मोजकीच चित्रं परवडायची, म्हणून एकच ढग हिरवा करून झुडूप म्हणून वापरायचे. ते ऐकून तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "म्हणजे तेही काटकसर करणारे आमच्यातलेच."

गिरणीत लावायला म्हणून तुम्ही बाबांसाठी नदीचं चित्र पाठवलंत. ते पोचल्यावर बाबांनी फोन केला. बाबा चौथी शिकलेले, चित्राबित्राबद्दल कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "लय वेळ बसला असन बा हा माणूस." मी हे तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. लायब्ररीतल्या कुणीही तुमच्या चित्राबद्दल इतकं नेमकं बोललं नव्हतं, असं म्हणालात.

आता भांडणाकडे येतो.

फेब्रुवारीत गेम जवळजवळ उभा राहिला होता. तुमच्या ठोकळ्यांवरून घेतलेल्या रेघा, तुमच्या निळ्याची उतरण, सगळं त्यात होतं. पण काहीतरी फार गुळगुळीत दिसायचं. ग्रेग म्हणाला, "हाताने केल्यासारखं वाटत नाही." एप्रिलच्या शेवटी गेम बाजारात आणणाऱ्या मोठ्या कंपनीला डेमो द्यायचा होता. तो आवडला नाही तर स्टुडिओ बंद, आणि माझा व्हिसा त्या नोकरीवर. म्हणून मी एक युक्ती केली. रंगाचा थर रेघेपासून दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे सरकवायचा. कुठे, किती, ते कॉम्प्युटरने फासे टाकून ठरवायचं. पन्नास ओळींचं काम. ऑफिसात सगळे खूश झाले. कुणीतरी म्हणालं, आता यात जीव आला.

मी मोठ्या अभिमानाने ते तुम्हाला दाखवायला आणलं. तुम्ही वाकून पाहिलंत.

"हे रंग का सरकलेत?"

"मुद्दाम, काका. हाताने छापल्यासारखं दिसावं म्हणून."

"माझा रंग कधी सरकला?"

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. टेबलाखालून तुम्ही रद्द कागदांचं खोकं ओढलंत आणि एकेक कागद माझ्यापुढे टाकायला लागलात. "हा. कागद नीट बसायच्या आत मी शिंकलो. हा बघ, ठोकळा पाण्याने फुगला होता. हा, मुलीचा फोन आला, बोलत बसलो, कागद वाळला. हा माझ्या घाईने." असे वीसेक कागद असतील. प्रत्येकाचं कारण तुम्हाला पाठ होतं, काही दहा वर्षांपूर्वीचे होते. "छापणारा जन्मभर चुकू नये म्हणून धडपडतो. तरी चुकतो. त्या चुकीला काहीतरी कारण असतं. तुझी ही चूक बेवारशी आहे. हे खोटं आहे, गजानन."

मी दमलेलो होतो, भ्यालेलोही होतो. मी म्हणालो, "काका, लोकांना काही फरक कळणार नाही."

तुम्ही कागद गोळा करायला लागलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "जाडंभरडं दळून तुझे वडील असं म्हणाले असते गिऱ्हाइकाला?"

बाबांचं नाव निघालं आणि मी उठलो. काकू ताटं घेत होत्या. त्यांनी हाक मारली तरी मी थांबलो नाही. गाडी हायवेला लागेपर्यंत माझे कान तापलेले होते. मनात म्हणत होतो, यांना काय, हे रिटायर्ड, यांना ग्रीन कार्ड, सिटिझनशिप, सगळं आहे. हेही तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

पहिले तीन आठवडे मी फक्त चिडलो. शनिवारी कपडे धुवायला जायचो आणि मशिनसमोर बसून तुमच्याशी वाद घालायचो. वादात मी जिंकायचोही. मग सोमवारी ऑफिसात गेम सुरू केला की नावाडिणीच्या वस्त्राच्या लाल काठाकडे लक्ष जायचं. काठ रेघेबाहेर सरकलेला, आणि त्याला काहीही कारण नाही. एकदा तुम्ही ते दाखवलंत, त्यानंतर मला दुसरं काही दिसेना. बाबांची गिरणीही आठवायची. पीठ जाड आलं तर बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे, पाटा झिजलाय, परवा टाके घालतो, आज चालवून घ्या. कारण सांगायचे. तुम्ही बरोबर माणसाचं नाव घेतलं होतंत, म्हणूनच मला ते सोसलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात ते सुचलं. फार मोठं काही नव्हतं. माझ्या गेममध्ये कागदच नव्हता. रेघा होत्या, रंग होते, आणि ते ज्याच्यावर बसतात ते काहीच नव्हतं. मी कागद करायला घेतला. प्रत्येक दृश्याखाली एक कागद, आणि त्या कागदात किती ओल आहे त्याचा हिशेब. ऊन लागलं की ओल उडते, वाऱ्याने जास्त उडते. धुक्यात, पावसात, झाडाखाली ती परत मुरते. ओल कमी झाली की कागद आकसतो, कडांपासून आत, कागदाच्या धाग्याला आडव्या दिशेने जास्त, आणि रंग रेघ सोडायला लागतात. फासे काढून टाकले. नावाडीण भर दुपारी वाळवंटात रेंगाळली तर तिचं जग तिच्या हातून निसटत जातं. तिने सावली गाठली, धुक्यात शिरली, की सगळं परत जागेवर येऊन बसतं. तिला समुद्रापर्यंत कागद ओला ठेवत जायचं आहे. एवढाच आमचा गेम झाला.

ग्रेगने आधी नाही म्हटलं. डेमोला तीन आठवडे उरले होते. मग मी त्याला लॅपटॉपवर कच्चं दाखवलं. पाण्यावर ऊन चढत गेलं, निळा हळूहळू लाटेबाहेर सरकला, होडी धुक्यात गेली आणि तो निळा परत आपल्या रेघेत शिरला. ग्रेग खुर्चीत मागे टेकला. "हे कुणी शिकवलं तुला?" त्याने विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना दाखवलंस का?"

नाही दाखवलं. डेमो झाला, लोकांना आवडला, स्टुडिओ वाचला, माझी नोकरीही राहिली. तेव्हाच यायला हवं होतं. पण धुक्यात कागद जरा लवकर ओला होत होता. तुमच्या नजरेतून ते सुटलं नसतं. मी म्हटलं, एवढं दुरुस्त करतो आणि मगच जातो, या वेळी बोट ठेवायला जागाच नको. आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस हेच म्हणत असतो, अजून एक आठवडा. त्या आठवड्यातल्या बुधवारी काकूंचा फोन आला. हॉस्पिटलचे, विधींचे तपशील मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की तुमच्या हाताच्या नखांत निळा रंग तसाच होता आणि कुणी तो काढायचा प्रयत्न केला नाही.

तुम्ही गेल्यावर मी अनेकदा तुमच्या घरी आलो. पाहुण्यांना एअरपोर्टवर सोडलं, डबे आणले, खुर्च्या परत मंडळात पोचवल्या. गॅरेजच्या दाराशी गेलो नाही. तुमची मुलगी परत गेली, घर शांत झालं, आणि काल शनिवार होता. काकू म्हणाल्या, "तुझं ते काय चाललं होतं, ते दाखव की. त्यांनी विचारलं होतं मला, हा येत का नाही म्हणून." मी विचारलं, "चिडले होते का?" काकू म्हणाल्या, "चिडले असते तर विचारलं असतं का?"

मी गॅरेजमध्ये तुमच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, कंट्रोलर जोडला. काकूंना एवढंच सांगितलं की या बटनाने होडी पुढे जाते, याने वळते. कागदाबद्दल, ओलीबद्दल एक अक्षर बोललो नाही. बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं, राहूनच गेलं. काकूंनी कंट्रोलर मांडीवर ठेवून, दोन्ही अंगठ्यांनी जपून होडी हाकली. चुकत, काठाला धडकत त्या पहिल्या वळणापर्यंत गेल्या. तुमची रेघ दिसली की त्या थांबायच्या. "हे यांचंच," म्हणायच्या, आणि पुढे जायच्या.

तिसऱ्या वळणानंतर वाळूचा मोठा पट्टा लागतो. तिथे सावली नाही. काकू पक्षी बघत थांबून राहिल्या. ऊन चढलं. नावाडिणीचा लाल काठ रेघेच्या बाहेर डोकावायला लागला, मग डोंगराचा करडा, मग पाण्याचा निळा. काकूंनी चष्मा वर सरकवला आणि पुढे वाकल्या. मला वाटलं, आता म्हणतील, तुझं मशिन बिघडलं. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसलो होतो.

"किती वेळ उघडं ठेवलंयस हे?" काकू म्हणाल्या. "कागद आकसलाय बघ."

त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्यांचा डावा हात टेबलावर ओलं फडकं शोधत होता, जे तिथे नेहमी असायचं. ते सापडलं नाही तेव्हा त्यांना कळलं आपण काय करतो आहोत, आणि त्या थांबल्या. मग मी म्हणालो, "काकू, उजवीकडे घ्या. पुढे झाडं आहेत." त्यांनी होडी झाडाखाली नेली. सावली आली, आणि एकेक रंग हळूहळू आपल्या रेघेत येऊन बसला. काकू ते अगदी शेवटपर्यंत, लाल काठ बसेपर्यंत बघत राहिल्या.

"यांना दाखवलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"का रे?"

"अजून एक आठवडा हवा होता."

काकूंनी मान हलवली. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. मग त्यांनी विचारलं, "आता बंद केलं, तर परत पहिल्यापासून करायचं का?"

"नाही काकू. जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू होतं."

त्यांनी कंट्रोलर दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. "मग उद्या ये," त्या म्हणाल्या. "सकाळी ये. ऊन व्हायच्या आत."

काका, आता सहा वाजत आले आहेत. मी निघतो आहे.